कपाळाला न लावलेली माती

कबड्डीच्या मैदानात उतरणारा खेळाडू काय करतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. रेषेपाशी वाकतो, चिमूटभर माती उचलतो, कपाळाला लावतो आणि मग आत पाऊल टाकतो. आमच्या शहरातले जुने खेळाडू भाऊही वाकायचे. मूठभर माती घ्यायचे, दोन्ही तळव्यांवर खसाखसा चोळायचे आणि उरलेली झटकून द्यायचे. कपाळापर्यंत हात गेलेला मी कधी पाहिला नाही. कोणी हटकलं तर उत्तर ठरलेलं.

"हाताले घाम हाये म्हनून घेतली. पाया पडाले नाई."

मी त्यांना पाहू लागलो तेव्हा त्यांचं खेळणं संपून बरीच वर्षं झाली होती. ते पंच होते. गळ्यात शिटी, अंगात पांढरा सदरा, पाय अनवाणी. पंचाला कोणाचा पाय धरायचा नसतो, त्याच्या हाताला घाम आला काय आणि नाही काय. पण चोळणं सुटलं नव्हतं. पोरं हसायची.

"भाऊ, आज कोनाले पकडता?"

"तुह्या बापाले," भाऊ म्हणायचे आणि शिटी मारायचे.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरच्या कोटाच्या एका दरवाज्यालगत छापखाना होता, तिथं मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. मालक समोर असले की लग्नपत्रिका आणि भातगिरण्यांची पावतीपुस्तकं. मालक जेवायला गेले की आमची, चळवळीची पत्रकं. लहानपणी मला गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकंच वाचायला मिळाली होती. बापाच्या खिशात ती घडी करून ठेवलेली असायची. जगात जे काही चुकतं ते एका पानावर छापून चौकात वाटलं की दुरुस्त होतं, असा माझा ठाम समज होता.

थंडी पडली की भाऊ छापखान्यात यायचे, बस्तीच्या कबड्डी स्पर्धेचं हँडबिल छापायला. बस्ती बौद्धांची, कोटाबाहेरची.

"का बे छापखान्या," ते दारातूनच म्हणायचे, "एका दमात सांगतो, मधी बोलू नको."

आणि खरोखर एका दमात सांगायचे. चढाईला निघालेला गडी छाती भरून घेतो तशी भरून घ्यायचे आणि संघ, वेळ, बक्षिसाची ढाल, जेवणाची सोय, सगळं एका श्वासात. शेवटचा शब्द बाहेर पडला की माझ्या टेबलावर थाप मारायचे. चढाई करून परत आलेला गडी मधली रेषा शिवतो, तशी. मग हसून खुर्ची ओढायचे.

हँडबिलात एक अट दरवर्षी असायची: बाहेरून भाड्याचे खेळाडू आणू नयेत. ती सांगताना आवाज जरा खाली जायचा, कारण ऐन उमेदीत ते स्वतःच भाड्याचे खेळाडू होते. कोळशाच्या खाणीनं त्यांना लोडिंगवर घेतलं ते खाणीच्या संघातून खेळण्यासाठी. सुट्टीच्या दिवशी भातगिरणीवाले आपल्या संघासाठी घेऊन जायचे. राजुऱ्यापासून मुलचेऱ्यापर्यंत ज्याच्याकडे ढाल जिंकायची हौस आणि खिशात नोटा, त्याचे ते पाहुणे.

"पायाले भाडं भेटे," ते म्हणायचे. "मले नाई. खेळ झाला का गिरनीवाल्याच्या घरी जेवाले बसत. पोट्टे आत, मी पडवीत. ढाल मातर आतच."

माझी पत्रकंही ते वाचायचे. म्हणजे मोठ्यानं, श्वास भरून. माझ्या एका वाक्यात 'सांस्कृतिक वर्चस्वाच्या मगरमिठीतून मुक्त होऊ पाहणाऱ्या शोषित जनसमूहांच्या' असं काहीतरी होतं. ते अर्ध्यातच थांबले.

"हे कोनाच्या दमात बसते बे? मधीच मेला गडी."

"भाऊ, विचार मोठा आहे म्हणून वाक्य मोठं आहे."

"जे एका दमात मावत नाई थे माह्यावर नको टाकू. तोड."

मी तोडलं. तेव्हापासून तोडत आलो आहे.

आमच्या शहरातल्या मैदानांचा इतिहास मी त्यांच्याकडून ऐकला, तोही एका दमात. लिहिताना मात्र मला सावकाश जावं लागेल.

पहिलं मैदान कोटाच्या आत. तालमीचं अंगण. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली लाल माती, भोवती दोर, दोराच्या आत मानकऱ्यांचे लोड. बक्षिसाच्या कुस्त्या तिथं व्हायच्या, कबड्डीही व्हायची. दुसरं मैदान नदीचं. पाणी उतरलं की इरईच्या वाळूत कोणीही खेळावं, पण पाऊस आला की मैदान वाहून जायचं. तिसरं खाणीचं. टिनाचं छप्पर, साहेबांना खुर्च्या आणि चारी बाजूंनी काटेरी तार. तिथं भाऊ खाणीकडून खेळायचे आणि त्यांचा बाप तारेबाहेर उभा राहून पाहायचा. "आत माही चढाई, बाहेर बाप तार धरून," ते सांगायचे. "टाळी वाजवाले तार सोडा लागे."

चौथं मैदान खड्ड्याचं. बस्तीशेजारी जुन्या विटाभट्टीचा खड्डा होता. छप्पन्नच्या दीक्षेनंतर बस्तीनं ठरवलं की आपलं मैदान आपण करायचं. बायांनी खाणीकडची राख टोपल्यांनी वाहिली, बाप्यांनी तळ्याचा गाळ आणला, पोरांनी तुडवलं. त्या मैदानाला दोर नव्हता आणि तार नव्हती. पहिल्याच सामन्याला तालमीच्या संघालाही बोलावलं. तालीमवाले आले नाहीत. त्यांची पोरं मात्र आली, घरी नदीवर जातो म्हणून सांगून, आणि सडकून हरून गेली. भाऊ हे सांगताना इतके हसायचे की दम तुटायचा.

एकदा मी विचारलं, "भाऊ, तुम्ही कपाळाला माती का नाही लावत?"

त्या दिवशी ते एका दमात बोलले नाहीत.

लहानपणी ते बापाबरोबर तालमीच्या अंगणात गेले होते. बाप डोक्यावर गॅसबत्ती घेऊन दोराबाहेर उभा होता. बत्ती आमच्या माणसाची, उजेड सगळ्यांचा. कोणाची तरी टोपी वाऱ्यानं उडून मातीत पडली. पोरगं धावलं, दोराखालून आत गेलं, टोपी उचलून दिली. कोणी ओरडलं नाही. कोणी हात उगारला नाही. एक जण शांतपणे फावडं घेऊन आला. जिथं जिथं त्या पोराचं पाऊल पडलं होतं तिथली माती त्यानं खरवडून काढली आणि टोपलीत भरली.

"अन् टोपली माह्या बापाच्याच डोक्यावर देली," भाऊ म्हणाले. "बत्ती मले धराले सांगतली. कोटाबाहेर फेकून ये म्हने. मारलं असतं तं मी इसरून गेलो असतो बे."

त्यांनी टेबलावर थापही मारली नाही. उठून गेले.

आता पाचवं मैदान.

शहराला स्टेडियम हवं होतं. सिमेंटच्या पायऱ्या, तिकीटखिडकी, बाहेरगावचे नामांकित संघ, रोख बक्षिसं. जागा शोधता शोधता त्यासाठी नेमलेल्या समितीला खड्ड्याचं मैदान सापडलं. सपाट, मोठं, रस्त्याला लागून आणि कागदावर कोणाचंच नाही. बस्तीत बैठक झाली. बस्ती द्यायला तयार नव्हती. तयार केलं ते भाऊंनी.

"पोट्ट्यांले पक्कं मैदान भेटन," ते घरोघर जाऊन सांगत होते. "नाव आपलंच राहीन. आपली स्पर्धा दर हिवाळ्यात तिथीच होईन, फुकट. अध्यक्षसायबानं शब्द देला."

त्यांची बायको, जिला सगळी बस्ती नुसतं बाई म्हणायची, तिनं भर बैठकीत विचारलं, "अन् त्यायनं शब्द गिळला तं?"

"तं मी हावो ना."

हे 'मी हावो ना' बस्तीनं ऐकलं आणि मैदान दिलं. पायऱ्यांच्या पायव्यासाठी दगडही बस्तीच्याच पोरांनी वाहिले, मजुरी न घेता. आपल्याच घरचं काम म्हणून.

स्टेडियम उभं राहिलं. उद्घाटनाची पत्रिका आमच्याच छापखान्यात आली. आत समितीनं लिहून दिलेला शहराच्या क्रीडापरंपरेचा इतिहास होता. भाऊ योगायोगानं तिथंच बसले होते. मी मोठ्यानं वाचू लागलो. परंपरेचा उगम तालमीच्या पुण्यभूमीत. तालमीची पवित्र माती कलशातून वाजतगाजत नेऊन स्टेडियमच्या मैदानात घालण्यात येईल. आणि स्टेडियम कुठं उभं राहिलं? 'शहराबाहेरील एका पडीक खड्ड्याच्या जागी.'

"पुन्हा वाच," भाऊ म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"पडीक?"

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष स्वतःच पत्रिकेचा नमुना पाहायला आले. माणूस गोड. अशा माणसांचा गोडवा मला आता दुरूनही ओळखू येतो. भाऊंना पाहून त्यांनी हातच धरला.

"अरे वा, भाऊ! तुमच्याकडेच निरोप धाडणार होतो. कलश तुम्हीच हातात घ्यायचा बरं का. शहराचे जुने खेळाडू तुम्ही."

"सायेब, खड्ड्याच्या मैदानाचं नाव नाई यात."

"पुढल्या वेळी टाकू की."

"पुढल्या वेळी उद्घाटन करता का पुन्हा?"

अध्यक्ष हसले. "भाऊ, आता एकच मैदान. सगळ्यांचं. कुठं राहिलं आता ते जुनं सगळं? बघा ना, तालमीची माती तुमच्याच हातानं जाते आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?"

"अन् आमची हिवाळ्याची स्पर्धा?"

"अर्ज करा ना रीतसर. भाडं थोडं कमी करून देऊ."

मी खिळ्यांची पेटी उचलून त्या माणसाच्या पायावर आपटणार होतो. भाऊंनी श्वास भरून घेतला. मला वाटलं, आता सुटतील. पण ते इतकंच म्हणाले, "ठीक हाये. कलश मी घेतो."

बस्तीत बातमी जायला वेळ लागला नाही. म्हातारा शालीला भुलला, असं लोक उघड बोलू लागले. बाईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी मालक जेवायला गेल्यावर एक पत्रक छापलं आणि भाऊंच्या समोर नेऊन ठेवलं. 'मैदान कोणाचं?' असा मथळा. लहान वाक्यं. प्रत्येक वाक्य एका दमात बसणारं.

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं हाये," म्हणाले. "वाट. पन मले वाटते का कागद लोकं वाचतेत अन् त्यात चिवडा बांधतेत."

"मग तुम्ही कलश का घेता, भाऊ?"

"मी शब्द देलता बस्तीले. पायाचं काम हाये, पायालेच करू दे."

मला काही कळलं नाही. मी चिडून निघून आलो.

उद्घाटनाच्या दिवशी मिरवणूक तालमीतून निघाली. पुढं बँड, मागं फेटे, मध्ये भाऊ. पांढरा सदरा, हातात झेंडूची माळ घातलेला पितळी कलश. बस्तीपाशी आले तेव्हा दारातल्या लोकांनी पाठ फिरवली. त्यांनी मान वळवली नाही.

स्टेडियम माणसांनी भरलं होतं. बस्तीची पोरं तिकीट नव्हतं म्हणून कुंपणावर चढून बसली होती. जे दगड त्यांनी वाहिले त्यांच्यावर दुसरेच बसले होते. मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा आखल्या होत्या आणि भोवती मंडळी वहाणा काढून, हात जोडून उभी होती. माइकवरून सांगणं चाललं होतं: "रेषेच्या आत कृपया कोणी पाय ठेवू नये. भूमी पवित्र होत आहे. रेषेच्या आत कृपया कोणी पाय ठेवू नये."

भाऊंनी रेषेबाहेर उभं राहून कलश उपडा केला. तेलानं ओलसर झालेली लाल माती आमच्या काळ्या मातीवर पडली. दोघांनी रेषेबाहेरूनच लांब दांड्याच्या फळीनं ती आतपर्यंत पसरली. कोणी वाकून बोटभर उचलली, कपाळाला लावली. फुलं पडली. भाऊंना शाल द्यायला अध्यक्ष पुढं झाले.

भाऊ वाकले. मूठभर लाल माती उचलली आणि दोन्ही तळव्यांवर खसाखसा चोळली. मग छाती भरून घेतली आणि रेषा ओलांडून आत गेले.

माइक थांबला.

ते धावत नव्हते. चढाईच्या पवित्र्यात, गुडघे वाकवून, सगळ्या लाल मातीवर एकेक पाऊल दाबून ठेवत चालले होते, आणि श्वास न तोडता बोलत होते. आवाज वरच्या पायरीपर्यंत येत होता. "तालमीत माहा पाय पडला, माती खोदून फेकली, टोपली माह्या बापानं वाह्यली, नदीच्या वाळूत खेळलो, पान्यानं मैदान नेलं, खानीत खेळलो, बाप तारेबाहेर ठेवला, खड्डा आमी भरला, राख आमच्या बायांनी वाह्यली, कोनाले दोर लावला नाई, कोनाची माती फेकली नाई, हे पडीक नाई, हे पडीक नाई, हे पडीक नाई..."

मैदानाच्या चारी कोपऱ्यांत जाऊन ते मधल्या रेषेवर आले, हातानं ती शिवली आणि सरळ उभे राहिले.

"आता खोदा," ते धापा टाकत म्हणाले. "जेवढं खोदाचं तेवढं खोदा. अन् टोपली कोनाच्या डोक्यावर देता, थे बी सांगा."

मला वाटलं, आता काहीतरी घडेल. दगड येईल, पोलीस येतील, बस्तीची पोरं कुंपणावरून उड्या मारतील. काहीही झालं असतं तरी मला चाललं असतं.

झालं ते असं. अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "आमच्या ज्येष्ठ खेळाडूंच्या भावना अनावर झाल्या आहेत. एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या!"

आणि टाळ्या झाल्या. कडकडून झाल्या.

मी पुष्कळ अन्याय पाहिले आहेत, त्यांवर लिहिलंही आहे. पण माणसाचं भांडण हिसकावून घेऊन त्याची भावना करून टाकणारे ते तळहात मी विसरणार नाही. फावडेवाला निदान काय करतो आहे ते जाणून करत होता.

भाऊंनी शाल घेतली नाही. ते मैदानाबाहेर आले आणि नव्या पायऱ्या चढू लागले. पायांच्या तळव्यांना तेलकट लाल माती लागलेली होती. कोऱ्या सिमेंटवर एकेक पाऊल उमटत वरपर्यंत गेलं. सगळ्यांत वरच्या पायरीवर ते बसले. बाई बायकांच्या बाजूनं उठून तिथं गेली. पाण्याचा लोटा पुढं केला.

"पाय धुता का?"

"राहू दे."

"नाई, मंग पानी तरी प्या. किती बोलले."

खाली सामना सुरू झाला होता. थोड्या वेळानं एका चढाईपटूचा घोटा बचावपटूच्या हाती जाता जाता राहिला आणि वरच्या पायरीवरून ओळखीचा आवाज आला, "पाय पाह्य बे, पाय! झोपला का?" त्या माणसाला खेळ आवडायचा, दुसरं काय.

त्या हिवाळ्यात बस्तीनं अर्ज केला नाही. स्पर्धा बस्तीतल्याच गल्लीत झाली, घरांच्या ओट्यांवर बसून लोकांनी पाहिली. चढाई करणारा तोल जाऊन कोणाच्या तरी चुलीपर्यंत जायचा. भाऊ पंच होते. बस्तीनं त्यांना शब्दाबद्दल कधी विचारलं नाही. स्टेडियममध्ये त्यांना पुन्हा कोणी पंच म्हणून बोलावलं नाही.

खाणीच्या धुळीनं त्यांची छाती आधीच खाल्ली होती. पुढच्या वर्षी हँडबिल सांगताना त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला, मी खिळ्यांत डोकं घातलं. मैदानांचा इतिहासही आखूड होत गेला. एका दमात मावावा म्हणून त्यांनी आधी नदी सोडली. मग खाण. मग एके दिवशी तालीमही सोडली. मला वाटलं नव्हतं ती कधी सुटेल. शेवटी मी त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो तेव्हा त्यांनी श्वास जमवला आणि एकच मैदान सांगितलं. "खड्ड्याचं," ते म्हणाले आणि खाटेच्या लाकडावर बोटं टेकवली.

त्यांच्या अंत्ययात्रेला समितीकडून हार आला. बाईनं तो घेतला नाही.

स्टेडियमच्या पायऱ्यांना दरवर्षी चुना मारतात. उद्घाटनानंतर लगेचच मारला होता, ती पावलं झाकायला. पण तालमीच्या मातीत तेल असतं आणि तेलाचा डाग चुन्याला जुमानत नाही. पांढऱ्यातून तो पिवळट-तांबूस होऊन वर येतो. खालच्या पायरीपासून वरपर्यंत, एक डावं, एक उजवं. पुन्हा चुना मारतात, पुन्हा वर येतो.

मी सामन्याला गेलो की तिकीट काढून त्याच पायऱ्यांनी चढतो. शेंगदाणे खाणारे, शिट्ट्या मारणारे, पोरं खांद्यावर घेतलेले, सगळे त्या पावलांवर पाय देत वर जातात. एकाचंही लक्ष नसतं. कोणी वाकत नाही, कोणी बोट लावून कपाळाला नेत नाही.